मागे न घेतलेल्या विधेयकाबद्दल: खासदार तिरुची शिवा यांना आभारपत्र

मा. खासदार तिरुची शिवा यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण, 24 एप्रिल 2015. त्या शुक्रवारी आपले ‘तृतीयपंथी व्यक्तींचे हक्क विधेयक, 2014’ राज्यसभेने एकमताने मंजूर केले. आम्ही या विषयावरचे मसुदे कलमवार वाचून हरकती-सूचना लिहिणारी मंडळी आहोत. आपले भाषण चांगले होते, पण आमचे आभार मुख्यतः एका नकाराबद्दल आहेत. मंत्र्यांनी विधेयक मागे घ्यायची विनंती केली आणि आपण ऐकले नाही.

या नकाराची किंमत कळायला अशासकीय विधेयकाचा प्रवास ठाऊक हवा. जो सदस्य मंत्री नाही, त्याला असे विधेयक मांडायचे तर महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते. सोबत विधेयकाचा पूर्ण मसुदा आणि उद्देश व कारणे यांचे निवेदन लागते. खर्चाची तरतूद असेल तर वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाच्या अंदाजाचे टिपण, जोडायचे. देशाच्या संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा जाणार असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 117(3) प्रमाणे राष्ट्रपतींची शिफारस असल्याखेरीज सभागृहाला ते मंजूरच करता येत नाही. बरीच विधेयके इथेच लंगडी पडतात: आयोग नेमा, निवृत्तिवेतन द्या असे लिहिलेले असते, पण पैसा कुठून येणार याचा पत्ता नसतो. मग चिठ्ठ्या टाकून क्रम लागतो. वेळ मिळतो तो शुक्रवारी दुपारचे अडीच तास, आणि त्यातही एका शुक्रवारी विधेयके, तर पुढच्या शुक्रवारी ठराव. शुक्रवारी दुपारी खासदारांचे डोळे घड्याळाकडे आणि मन विमानतळावर असते. राज्यसभेची गणपूर्ती, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, 25 सदस्यांची, पण तेवढे लोक जमवतानाही कधी कधी धावपळ होते.

एवढे करून चर्चा झालीच, तर शेवट ठरलेला असतो. संबंधित मंत्री उठतात, सदस्यांच्या भावनेचे कौतुक करतात, सरकार या विषयावर गंभीर असल्याचे सांगतात आणि विधेयक मागे घ्यावे अशी विनंती करतात. सदस्य आभार मानून मागे घेतात. कुणाचे नाक कापले जात नाही आणि कागद कपाटात जातो. स्वातंत्र्यानंतर दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झालेली अशासकीय विधेयके 14 आहेत, आणि त्यांतले शेवटचे 1970 सालचे.

12 डिसेंबर 2014 रोजी मांडलेले आपले विधेयक याच वळणावर आले होते. सामाजिक न्याय मंत्री थावरचंद गेहलोत यांनी सरकार स्वतःचे विधेयक आणेल असे सांगून माघारीची विनंती केली. आपण मतविभागणीचा, म्हणजे मते मोजून निर्णय घेण्याचा, आग्रह धरलात. त्या वेळी राज्यसभेत सत्ताधारी आघाडीला बहुमत नव्हते, हे आपल्याला आणि सरकारला दोघांनाही पक्के ठाऊक होते. शेवटी अरुण जेटली मध्ये पडले: अशा विषयावर सभागृह दुभंगलेले दिसू नये. आणि आवाजी मतदानाने विधेयक पार झाले. आवाज कुठे चढवायचा यापेक्षा मतदान कधी मागायचे हे कळणे अवघड असते, आणि ते आपल्याला नेमके कळले.

विधेयकातला मजकूरही कच्चा नव्हता. दहा प्रकरणे, 58 कलमे. राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर आयोग, विशेष न्यायालये, शिक्षण व सरकारी नोकरीत दोन टक्के आरक्षण, द्वेषमूलक बोलण्याला एक वर्षापर्यंत कैद. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात तृतीयपंथींना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यावे असे म्हटले होते. (त्या खटल्यात आमच्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठीही होत्या.) पण मागासवर्गाच्या रांगेत उभे करायचे म्हटले, तर जी व्यक्ती तृतीयपंथी आहे आणि अनुसूचित जातीचीही आहे, तिने कोणता दाखला पुढे करायचा हा पेच उरतो. थेट टक्का लिहिला की निदान बोलणी आकड्यावरून सुरू होतात.

लोकसभेत हे विधेयक तिथले सदस्य बैजयंत पांडा यांनी हाती घेतले. दुसऱ्या सभागृहात तिथल्या सदस्याने असा पुढाकार घेतला नाही, तर अशासकीय विधेयक नुसते पटलावर पडून राहते. तिथे 2016 साली चर्चा झाली, मंजुरी मात्र मिळाली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारचे विधेयक आले आणि मग आपल्या मसुद्याचे खरे काम सुरू झाले. लोक सहसा इथे गोष्ट संपली असे मानतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो.

सरकारी मसुद्यात तृतीयपंथी व्यक्तीची व्याख्या ‘पूर्णपणे स्त्रीही नाही आणि पूर्णपणे पुरुषही नाही’ अशी सुरू होत होती. म्हणजे माणसाची ओळख त्याच्या शरीरात काय कमी आहे यावरून ठरवायची. ओळखपत्रासाठी जिल्हा छाननी समिती होती आणि तिच्यात मुख्य वैद्यकीय अधिकारी व मानसतज्ज्ञ बसणार होते. भीक मागायला लावणे हाही गुन्हा होता. बस्तीत गुरूकडे राहून मंगती (मागून मिळालेले पैसे) आणि बधाईवर (शुभप्रसंगी आशीर्वाद देऊन मिळणाऱ्या पैशांवर) पोट भरणाऱ्यांना त्या कलमाचा अर्थ पोलीस ठाण्यात कसा लावला जाईल, हे वेगळे सांगायला नको.

हरकती लिहिणाऱ्यांच्या हातात तेव्हा आपले विधेयक होते. ‘ही व्याख्या चुकीची आहे’ एवढेच लिहिले की अधिकारी विचारतात, मग बरोबर कोणती? इथे उत्तर तयार होते आणि वरिष्ठ सभागृहाने त्यावर शिक्काही मारला होता: जन्माच्या वेळी ठरवलेल्या लिंगाशी जिची लिंगओळख जुळत नाही ती व्यक्ती, मग शस्त्रक्रिया वा संप्रेरक उपचार झालेले असोत वा नसोत, आणि त्यात किन्नर, हिजडा, अरवाणी, जोगता या सांस्कृतिक ओळखीही आल्या. ‘जोगता’ हा शब्द कोल्हापूर-सांगलीकडच्या, यल्लम्माला वाहिलेल्या माणसांना आपला वाटतो. संसदेच्या स्थायी समितीने 2017 च्या अहवालात सरकारी व्याख्येवर कडक टीका केली. 2019 साली मंजूर झालेल्या मूळ कायद्याचे, व्याख्येचे कलम 2(के) उघडून आपल्या मसुद्याशेजारी ठेवावे. आंतरलिंगी व्यक्तींचा उल्लेख तिथे वाढला आहे, पण बाकीची वाक्यरचना ओळखीची निघते. छाननी समिती आणि भिकेचे कलमही 2019 च्या मसुद्यातून गळाले. हे श्रेय अर्थात रस्त्यावर उतरलेल्यांचेही आहे, पण मोर्चाला दाखवायला कागद लागतो.

जे गेले तेही नोंदवायला हवे. दोन टक्के गेले. आयोगाऐवजी सल्ला देणारी राष्ट्रीय परिषद आली. विशेष न्यायालये गेली. लैंगिक अत्याचारासह सगळ्या गुन्ह्यांना सहा महिने ते दोन वर्षे अशी एकच शिक्षा ठेवली गेली; स्त्रीवरील बलात्काराला तेव्हा किमान दहा वर्षे होती. आणि स्त्री किंवा पुरुष म्हणून दाखला हवा असेल तर शस्त्रक्रियेचे वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन पुन्हा जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची अट राहिली. म्हणजे कलम 4 मध्ये स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला आणि कलम 7 मध्ये त्याची चावी दवाखान्यात ठेवली.

त्यासाठीच 26 नोव्हेंबर 2019 रोजी राज्यसभेत, सरकारचे विधेयक प्रवर समितीकडे (तपासणीसाठी नेमलेल्या सदस्यांच्या समितीकडे) पाठवावे असा प्रस्ताव आपण मांडलात. त्या दिवशी सकाळी संविधान दिन साजरा झाला होता. आमच्याकडचे सगळे कॅमेरे मुंबईत फडणवीस आणि अजित पवार यांच्या राजीनाम्यांवर रोखलेले होते, त्यामुळे मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ही चर्चा ठाऊक आहे. प्रस्ताव 55 विरुद्ध 74 मतांनी पडला.

हे पत्र जाहीर लिहिण्यामागे एक हेतू आहे. आमदार-खासदारांना निवेदन देणारे आमच्याकडे खूप, कलमे लिहून देणारे कमी. दोन पानी मागण्यांचा कागद सदस्याच्या स्वीय सहायकाच्या टेबलावरच राहतो. व्याख्या, जबाबदार अधिकारी, मुदत, शिक्षा आणि खर्चाचा अंदाज असलेला मसुदा अधिवेशनाच्या दोन-अडीच महिने आधी पोचला, तर नोटिशीचा महिना धरूनही दुरुस्तीला वेळ मिळतो. आपले 58 कलमी विधेयक आणि त्या चर्चेचा वृत्तान्त राज्यसभेच्या संकेतस्थळावर आहे. नव्याने मसुदा लिहायला बसणाऱ्यांनी सुरुवात तिथून करावी, असे आम्ही सांगत असतो.

मतविभागणीचा आग्रह धरल्याबद्दल आणि हरणार हे दिसत असतानाही साडेचार वर्षांनी पुन्हा प्रस्ताव मांडल्याबद्दल मनापासून आभार. त्या दिवशी आपल्या बाजूने मत देणाऱ्या बाकीच्या सदस्यांची भेट झाली, तर आमचा नमस्कार त्यांनाही कळवावा.

आपले,
तृतीयपंथी हक्कांच्या मसुद्यांवर काम करणारे काही मराठी कार्यकर्ते