एका हाताचा पास

प्रिय विन्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर गोळीवर जागेवर आहे, सुमी मजेत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि हे मधे न तोडता ऐकायला हवंस.

मागच्या महिन्यात सांगलीच्या पोरांशी सेव्हन्सची, म्हणजे सात जणांच्या रग्बीची मॅच होती. शेवटचं मिनिट, आपण दोन पॉइंटनी मागं. माझ्या टीममधला ओंक्या मैदानाच्या कडेची टचलाइन धरून पळत होता. दोघांनी त्याला गाठलं, एकानं कमरेत मिठी मारली, एकानं पाय धरले. तो पडायला लागला आणि पडता पडता त्यानं उजवा हात त्या पोराच्या पाठीमागून काढून बॉल नुसत्या बोटांनी वर सोडला. न बघता! मागून सद्दाम पळत आलाच होता. बॉल त्याच्या छातीवर बसला आणि पोरगं थेट पोस्टखाली बॉल टेकवून पडलं, ट्राय! मी असा ओरडलो की शेजारच्या क्रिकेटवाल्यांनी खेळ थांबवला. सगळे सद्दामला खांद्यावर घ्यायला धावले. ओंक्या तिकडं एकटाच गुडघ्यावरची माती झाडत उभा. तू असतास तर आधी त्याच्याकडं पळाला असतास.

खरी गोष्ट पुढं आहे. त्यानंतर ओंक्या एका निवड शिबिराला गेला. तिथंही त्यानं तोच पास टाकला, पण मागं कुणी नव्हतं. बॉल समोरच्यांनी उचलला, ट्राय झाला. तिथल्या सरांनी सगळ्यांसमोर त्याला झापलं, ‘ही सर्कस घरी करायची. बॉल दोन हातात, खाली पडायचं, रक लावायचा, म्हणजे आपल्यातले एक दोघं बॉलवर उभे राहून तो राखतात.’ यादीत नाव आलं नाही, ते एक वेळ सोड. पण तेव्हापासून पोरगं बॉल पोटाशी धरून पळतंय आणि कुणी अंगाला लागलं की लगेच खाली बसतंय. बोलत नाही. त्याचा बाप शिरोलीला फौंड्रीत आहे, रात्रपाळी करून सकाळी मैदानावर आला आणि म्हणाला, ‘सर, त्याला काय झालंय ते तुम्हीच बघा, मला यातलं काय कळत नाही.’ मला झोप लागत नाही रे. आता त्याला काय शिकवू? शिबिरात चालेल असा खेळ, की त्याचा स्वतःचा?

म्हणून परत सगळ्या फिजीच्या मॅच काढून बसलो. हसू नकोस. आपण दोघं हा खेळ शिकलो तेच मुळी त्यांच्यामुळे. २००५ च्या सेव्हन्सच्या वर्ल्ड कपला त्यांच्या ३६ वर्षांच्या वायसाले सेरेवीनं हाँगकाँगला न्यूझीलंडला २९-१९ नं हरवलं आणि तू होस्टेलच्या गच्चीवर चपलेनं साइडस्टेप करायला लागलास. सेरेवी मोठा की जेरी तुवाई मोठा, या भांडणात आपण दोन दिवस बोललो नव्हतो ते आठवतंय? मी अजून तुवाईच म्हणतो. तू काहीही म्हण, तू ऑकलंडला गेल्यापासून न्यूझीलंडच्या काळ्या जर्सीचा झालायस, तुझं मत मी धरत नाही.

पण बेन रायनचं आपण कधी नीट बोललो नाही. हा इंग्लंडचा माणूस, इंग्लंडच्या सेव्हन्स टीमचा कोच होता, २०१३ ला फिजीत आला. बोर्डाकडं पैसे नाहीत, पहिले काही महिने त्याला पगारसुद्धा मिळाला नाही. समोर नऊ लाखांच्या देशातली पोरं, बोटांत जादू, पण शेवटच्या दोन मिनिटांत दम संपायचा. हाँगकाँगमध्ये फिजी १९७७ पासून जिंकत आलेली, १९९७ चा वर्ल्ड कपही तिथंच दक्षिण आफ्रिकेला २४-२१ नं हरवून घेतला, पण वर्षभराची सिरीज म्हटली की २००६ नंतर हाती काही लागेना. रायननं काय केलं? खाणं बदललं, साखर-मैदा कमी केला, आणि सिगाटोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर त्यांना उलटी होईपर्यंत पळवलं. तो एका हाताचा पास मात्र त्यांचा त्यांच्याकडंच ठेवला. २०१५ ला सिरीज, २०१६ ला परत सिरीज.

त्यात २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन वादळ आलं. ४४ माणसं गेली, गावंच्या गावं आडवी झाली, टीममधल्या पोरांचीही घरं त्यात होती. तीच पोरं ऑगस्टमध्ये रिओत उतरली. क्वार्टर फायनलला न्यूझीलंडला १२-७ नं घरी पाठवलं, तेव्हा तू फोन उचलला नव्हतास. फायनलला ग्रेट ब्रिटन समोर. पहिला ट्राय कॅप्टन ओसेया कोलिनिसाऊचा, हाफ टाइमला २९-०, शेवटी ४३-७. लिओनी नाकारावाकडं परवा मुद्दाम बघत बसलो होतो. एवढा धिप्पाड गडी, दोघं तिघं अंगावर लोंबकळतायत, आणि याचा एक हात वर मोकळा. फिजी १९५६ पासून ऑलिंपिकला जात होती, त्यांचं हे पहिलं मेडल, तेही सोन्याचं. मेडल घेताना सगळे गुडघ्यावर बसले आणि त्यांच्या रीतीनं टाळ्या वाजवल्या, तिथं मी प्रत्येक वेळी रडतो. पुढं सरकारनं सात डॉलरची नोट काढली, सात खेळाडूंच्या खेळासाठी!

मला जे सापडलं ते सांगतो, चुकत असलो तर खोड. तो पास टाकणाऱ्याचा नसतोच, विन्या. पंधरा जणांच्या मैदानावर सात सात जण असतात. तू खाली पडलास की रकमध्ये तुझे अजून एक दोघं अडकले, बाहेर उरले चार. उभ्या उभ्या बॉल सुटला तर ज्या दोघांनी तुला धरलं ते दोघं बाद, आणि समोरच्यांकडं राहिले पाच. पण त्यासाठी तुझ्या खांद्यामागं दोन पावलांवर कुणीतरी यायलाच हवा, चौदा मिनिटांच्या मॅचच्या तेराव्या मिनिटालासुद्धा. रायननं त्या टेकड्यांवर ते कुणीतरी तयार केले, असं मला वाटतं. शिबिरात ओंक्याच्या हातानं काही वाईट केलं नाही. मागं सद्दाम नव्हता.

हे टोकियोतही दिसतं. कोविडमध्ये पोरं महिनोन्‌महिने घरापासून लांब, मालवाहू विमानानं टोकियोला गेली. कोच बदललेला, वेल्सचा गॅरेथ बेबर. रिओतल्यांपैकी एकटा तुवाई उरलेला आणि तोच कॅप्टन. फायनलला तुमची टीम, २७-१२. त्यांच्या बायकांनीही तिथंच ब्राँझ घेतलं. २०२२ ला केपटाउनला वर्ल्ड कप, परत तुम्हीच समोर, २९-१२. (हा आकडा मी वहीत लिहून ठेवलाय, तुझ्यासाठी.) ऑलिंपिकमध्ये सलग १७ मॅच त्यांना कुणी हरवलं नाही. मग पॅरिसची फायनल, समोर फ्रान्स. हाफ टाइमला ७-७, आणि त्यांचा आंत्वान द्युपों मैदानात आला. २८-७ नं फिजी हरली. त्या दिवशी तू मला डिवचलं नाहीस, उलट ‘जेवलास का’ विचारलंस. ते मी विसरलो नाही.

२०२५ च्या जूनमध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हा पोरांना घेऊन गेलो होतो. फिजीचे गडी बघून ओंक्या जाळीला चिकटला तो हलेना. एवढा मोठा बॉल ते भाकरीसारखा एका तळव्यावर घेऊन फिरत होते. परत येताना गाडीत त्यानं मला विचारलं, त्यांना हे कोण शिकवतं? मी म्हटलं, कुणी शिकवत नाही, गावात लहानपणापासून मिळेल त्याचा बॉल करून खेळतात, तुवाई तर प्लॅस्टिकच्या बाटलीनं खेळायचा. तेव्हापासून हा घरात बाटली फेकतोय, आईच्या शिव्या खातोय. ते पोरगं आता दोन हातांनी बॉल धरून बसलंय.

तुझ्या त्या फिजी-हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांना विचार ना. पणजोबा गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर म्हणून फिजीला गेले, ही माणसं १९८७ च्या बंडानंतर देश सोडून ऑकलंडला आली, आणि तरी फिजीच्या मॅचला घरावर निळा झेंडा लावतात असं तू सांगितलंस. त्यांच्याकडं एखादी जुनी मॅच असेल तर पाठव.

मी ठरवलंय ते असं. ओंक्याला आत्ता पासबद्दल एक शब्द बोलणार नाही. बाकीच्या सहा जणांना आठवड्यातून तीनदा जोतिबाच्या चढावर पळवतोय, सद्दाम सगळ्यात पुढं. मागं माणूस आलेला दिसला की हात आपोआप सुटेल असं वाटतं. दोन महिन्यांनी पुढचं शिबिर आहे. तिथं तेच सर असतील. त्यांच्याशी मी बोलायला जाऊ का, की पोराचं अजून नुकसान होईल? आपल्या बापूंनी तुझ्यासाठी असं कुणाशी भांडण काढलं होतं, त्याचा तुला फायदा झाला की त्रास, हे तू कधी बोलला नाहीस. आता सांग.

मीराची परीक्षा झाली का? नवं घर छान आहे, फोटो बघितले, स्वयंपाकघर जरा काळोखं वाटलं. वहिनीला नोकरी लागली हे सदाकडून कळलं, तू का नाही सांगितलंस? डिसेंबरमध्ये येताना चार नंबरचे दोन बॉल आण, इथले लवकर गुळगुळीत होतात.

आणि रविवारी आमच्या सकाळी सातला फोन कर, तुमच्याकडं दुपार असेल. फोन मी ओंक्याला देणार आहे. त्याला उपदेश नको. तुझ्या खांद्याचं हाड सरकलं त्या मॅचमध्ये तू कुणाला पास टाकला होतास, तेवढंच सांग.

तुझा,
बाळ्या