तात्या, आपल्या गुळाला ५० पैकी ३४ गुण पडले

ती. स्व. तात्यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. तरीही ते चारचौघांसमोर लिहितोय, कारण गुळाच्या सौद्यात शेतकऱ्याचं नाव येतं, अडत्याचं येतं, पण रस उकळायच्या मोठ्या कढईच्या, म्हणजे काहिलीच्या, वाफेत उभं राहून गूळ उतरवणाऱ्या गुळव्याचं नाव कुठंच येत नाही. तुमचं नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून मीही घालत नाही. केलेलं काम तरी लोकांना कळू दे.

वाचणाऱ्यांसाठी आधी एक सांगतो. मी राहतो त्या अमेरिकेत घरी बिअर करायला १९७९ पासून केंद्राच्या कायद्यानं मुभा आहे. विकायची मात्र नाही. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. आपल्याकडं ते चालत नाही. मी चार वर्षं ती घरी करतोय आणि यंदा पहिल्यांदाच घरगुती बिअरच्या स्पर्धेत परीक्षकांसमोर ठेवायची ठरवली. साखरेऐवजी गावाकडचा गूळ घालायचा, एवढं मनात पक्कं होतं.

पहिले दोन घाणे बिघडले. तिथल्या दुकानातून आणलेला पिवळाधमक गूळ मी माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, रसात अगदी सुरुवातीला टाकून तासभर उकळत होतो. बाटली उघडली की नुकत्याच ओढलेल्या काडीचा वास यायचा आणि गुळाचा म्हणाल तर मागमूसही नाही. जानेवारीत बहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला आलो, तेव्हा हे डोक्यात घोळतच होतं. मामांनी शिवाजी पूल ओलांडून तुमच्या गुऱ्हाळावर आणून सोडलं.

तुम्ही आधी काहीच बोलला नाहीत. पिशवीतून मी आणलेला पिवळा खडा नाकाशी धरलात, जिभेला लावलात आणि परत दिलात. "हायड्रोस मारलाय. रंग बगून घेत्यात लोकं, वास कोन घेतोय?" हायड्रोस म्हणजे गूळ पिवळा दिसावा म्हणून रसात टाकतात ते गंधकाचं रसायन. ते बोलताना तुमचा चेहरा उतरला होता, तो मला अजून दिसतो. मळी काढायला भेंडीचं पाणी पुरतं, हे तुम्ही मला काहिलीत ओतून दाखवलंत. हिरवट काळी साय वर आली आणि झाऱ्यानं ती काढल्यावर खालचा रस नितळ झाला. पण बाजार पिवळ्या रंगाला भाव देतो, आणि भेंडीवर उतरवलेला गूळ तांबूस होतो. तरी मालकांशी बोलून तुम्ही एक अख्खं आधण माझ्यासाठी हायड्रोसशिवाय लावलंत. मला त्यातल्या दोनच भेल्या न्यायच्या होत्या. उरलेल्याला भाव कमी येईल हे तुम्हालाही ठाऊक होतं, मालकांनाही.

मी बिअरसाठी नेतोय हे मात्र तोवर सांगितलं नव्हतं. 'एक प्रयोग आहे' एवढंच म्हणालो होतो. तुमच्या गळ्यातली माळ बघून जीभ रेटली नाही. चिपाडं सारून तुम्ही चुलवाणापाशी टेकलात तेव्हा सगळं खरं सांगून टाकलं. तुम्ही बराच वेळ जाळाकडं बघत राहिलात. मग म्हणालात, "माज्या पोटात जायचं न्हाई ते. पर गूळ माजा हाय, त्यो वंगाळ निगाय नको."

आणि मग तुम्ही शिकवलंत. माझा थर्मामीटर काहिलीत होता, ११६ अंश सेल्सिअस दाखवत होता. तुम्ही बोटं गार पाण्यात बुडवली, फावड्यावरचा पाक उचलून पाण्याच्या डब्यात सोडला, त्याची गोळी वळली आणि डब्याच्या कडेवर हाणली. टण् आवाज आला. "उतरा!" आकडा बघायला मी वाकलो तोवर काहील उचललीही होती. वेलदोड्याचा गूळ करताना पूड केव्हा टाकता, असं विचारलं तर म्हणालात, "काईल उतरल्यावर. आदी टाकली तर वास वाफंसंगं जातोय."

तात्या, माझं कुलूप त्या वाक्यानं उघडलं. परत गेल्यावर १९ लिटरच्या घाण्यात ४५० ग्रॅम गूळ उकळताना घातलाच नाही. रस आंबवणाऱ्या यीस्टचा पहिला जोर ओसरू दिला, मग चौथ्या दिवशी गूळ गरम पाण्यात विरघळवून, निववून सोडला. पहिल्या फेसासोबत सगळा वास उडून जाणं थांबलं. काडीचा वास तर आलाच नाही.

स्पर्धेच्या बाटलीवर नाव, चिन्ह काही चालत नाही. क्रमांकाचा कागद रबरानं बांधायचा, बस्स. वेगळी साखर वापरली असेल तर कुठली ते मात्र सांगावं लागतं. मी लिहिलं: कोल्हापूरचा गूळ, भेंडीवर काढलेला. गुणांची वाटणी बघितली तेव्हा तुमचीच आठवण झाली. ५० पैकी १२ वासाला, २० चवीला, ५ तोंडातल्या जडपणाला, १० एकूण आवडीला. रंग, नितळपणा आणि फेस, असं सगळं दिसणं मिळून ३. फक्त ३, तात्या! ज्या रंगापायी तुम्हाला हायड्रोस मारायला लावतात, त्याला परीक्षकांच्या वहीत एवढीच किंमत.

मला ३४ पडले. पदक नाही, पण तिथल्या तक्त्यात ३० ते ३७ म्हणजे 'फार चांगली'. वासाला १२ पैकी ९. एका परीक्षकानं उसाचा ताजा वास आणि मागाहून येणारी हलकी खारट चव अशी नोंद केली आहे. ती चव तुमच्या गुळाची. जडपणात दोन गुण गेले, ते माझ्या हातून. गूळ यीस्ट जवळजवळ सगळाच खाऊन टाकतं, मग बिअर तोंडात पातळ लागते. पुढच्या घाण्याला थोडे ओट घालणार आहे.

तुमच्या नातीनं फोनवर सांगितलं की त्या आधणाचा उरलेला गूळ गावातल्या बायकांनीच घरी नेला आणि परत मागायला आल्या. ते ऐकून ३४ पेक्षा जास्त आनंद झाला.

दसऱ्यानंतर चुलवाण पेटलं की कळवा. मी जानेवारीत येतोय. तुमच्यासाठी बाटली आणणार नाही. गुणांचा कागद मराठीत लिहून आणतो, वासाची ओळ वर घेऊन.

तुमचा,
पिवळा खडा घेऊन आलेला