क्युविये थिएटर: सजावट जुनी, भिंती नव्या

संपादक महोदय,

म्युनिकच्या राजवाड्यातले क्युविये थिएटर १७५३पासून जसेच्या तसे उभे आहे, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते अर्धेच खरे. फ्रान्स्वा क्युवियेने बांधलेली मूळ इमारत मार्च १९४४च्या बॉम्बफेकीत नष्ट झाली. त्याआधीच सज्जांवरचे लाकडी कोरीवकाम सुटे करून हलवले होते, म्हणून ते वाचले. छतावरचे त्सिमरमानचे चित्र मात्र गेले. ते काढणार कसे? १९५८मध्ये हे जुने लाकूड त्याच राजवाड्याच्या दुसऱ्या भागात, नव्या भिंतींच्या आत बसवले. मूळ जागी तोवर नवे नाट्यगृह झाले होते.

पाहणाऱ्याने सज्जांचे कठडे नीट न्याहाळावेत. त्यांवरून ओघळणारे लाल कापड म्हणजे लाकूडच आहे: चुण्या कोरलेल्या, लाल रंग दिलेला, झालरीला सोन्याचा मुलामा. खऱ्या मखमलीशेजारीही डोळा फसतो. मूळ थिएटरात प्रेक्षागाराची जमीन यंत्राने रंगमंचाच्या पातळीला उचलता येई. खुर्च्या हटवल्या की नाचाचा दिवाणखाना तयार! मोत्सार्टचा ‘इडोमेनेओ’ हा ऑपेरा १७८१मध्ये प्रथम झाला तो त्या मूळ वास्तूत, आजच्या नव्हे.

– एक वाचक