ट्राय मत मागवते, पण आपल्याला कळतं का?

मा. संपादक यांस,

माझ्या ८२ वर्षांच्या आईकडे बटणांचा साधा फोन आहे. सावंतवाडीच्या मावशीशी रोज संध्याकाळी बोलायचं, एवढाच त्याचा उपयोग. तरी जांभळी नाक्यावर तिचा रिचार्ज करताना इंटरनेटचेही पैसे मोजावे लागत. "काका, नुसत्या कॉलचा पॅक येतच नाही," दुकानदार म्हणायचा, आणि मी मुकाट पैसे द्यायचो.

नेमका हाच प्रश्न दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जुलै २०२४ मध्ये जाहीरपणे विचारला होता : फक्त कॉल आणि एसएमएसचा वेगळा पॅक असावा का? मला ते कळलं डिसेंबरात, निर्णयाची बातमी वाचून. मत देण्याची मुदत केव्हाच उलटली होती. कंपन्यांना मात्र वेळेत कळलं होतं. त्यांची उत्तरं ट्रायच्या संकेतस्थळावर आहेत, मी ती वाचली. बड्या कंपन्यांचं म्हणणं, अशा पॅकची गरजच नाही. ट्रायने ते मानलं नाही आणि असा पॅक देणं कंपन्यांना सक्तीचं केलं, हे फार चांगलं झालं. पण त्याची किंमत ठरवणं कंपन्यांच्याच हाती राहिलं. पेन्शनीत काय परवडतं हे सांगणारी आपल्यासारख्यांची पत्रं त्या गठ्ठ्यात भरपूर असायला हवी होती. माझं एकही नव्हतं, ही खंत मनातून जात नाही.

ट्रायने पारदर्शकपणे काम करावं, असं १९९७ च्या कायद्याचं कलम ११(४) सांगतं. म्हणून मोबाइलच काय, केबल आणि डीटीएचबाबतही निर्णयाआधी कन्सल्टेशन पेपर, म्हणजे विषय मांडून लोकांची मतं मागवणारा मसुदा, निघतो. मत द्यायला साधारण चार आठवडे मिळतात. शुल्क नाही, वकील नको. पेपरच्या शेवटी क्रमवार प्रश्न असतात. त्यातल्या एकाचंच उत्तर ईमेलने पाठवलं तरी चालतं. मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते पुढचे दोन आठवडे. तेव्हा आलेली मतं वाचून प्रतिमत देता येतं. कंपनीने ग्राहकाच्या नावाने काय लिहिलंय ते पाहून, 'मी ग्राहक आहे आणि मला हे मान्य नाही' असं त्याच ठिकाणी नोंदवता येतं. त्यानंतर ओपन हाऊस, म्हणजे सगळ्यांना खुली असलेली, चर्चा होते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. मतं जाहीर होतात; २०१५ मध्ये तर लोकांचे ईमेल पत्तेही उघड झाले होते. मजकुरात घरचा पत्ता, फोन नंबर लिहू नये. त्याच वर्षी इंटरनेट समानतेसाठी, म्हणजे सगळ्या वेबसाइटना सारखीच वागणूक मिळावी म्हणून, दहा लाखांहून अधिक ईमेल ट्रायकडे गेले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी वेगवेगळ्या वेबसाइटना वेगवेगळा डेटा दर लावण्यावर बंदी आली. लोक लिहितात तेव्हा फरक पडतो.

अडचण भाषेची आहे. हे पेपर मराठीत नसतात आणि इंग्रजीतली जाडजूड पानं बघूनच माणूस मागे सरतो. ट्रायने निदान प्रश्न तरी मराठीत द्यावेत. तोवर आपल्याला विनंती, नवा पेपर निघाला की विषय, दोन-तीन मुख्य प्रश्न आणि मताची शेवटची तारीख यांची छोटी चौकट छापावी. तारीख ठळक असू द्या. ते कात्रण आमच्या सोसायटीच्या फलकावर लावायचं काम माझं.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे