मायेला गुण देण्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

"आईच्या मायेला तू गुण कसे देतेस गं?" हा आईने फोनवर विचारलेला प्रश्न अवघड होता, आणि "तेवढ्यासाठी विद्यार्थ्यांना महिनोन्‌महिने शिकवावं लागतं?" ही बाबांची पुस्ती त्याहून अवघड. अशा गोष्टी फोनवर सांगताना माझी घाई होते, म्हणून लिहूनच सांगते.

मूल आणि आई यांच्यातली जवळीक पारखायला मी विद्यार्थ्यांना शिकवते, पण मायेला आम्ही गुण देत नाही. आमची नजर आईपेक्षा मुलावर अधिक असते. घाबरलेले किंवा बावरलेले मूल कोणाकडे धाव घेते, तिथे पोहोचल्यावर ते निवते का, आणि निवल्यावर पुन्हा निर्धास्तपणे खेळायला जाते का, एवढेच आम्ही पाहतो. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९५८ मध्ये मांडले, की मूल आईला चिकटते ते केवळ दुधासाठी नव्हे. अडचणीत आपल्या माणसाच्या जवळ जाणे ही भुकेइतकीच उपजत आणि भुकेहून वेगळी अशी गरज आहे. त्यांच्याच क्षेत्रातल्या अनेकांना हे तेव्हा पटले नाही. आईला मात्र यात सांगण्यासारखे काय आहे, असाच प्रश्न पडेल.

ही जवळीक पाहायची रीत बसवली ती मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी. १९५४-५५ मध्ये त्यांनी युगांडात घरोघरी जाऊन आया आणि तान्ही मुले पाहिली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे २६ कुटुंबांच्या घरी, मुलाच्या पहिल्या वर्षात दर तीन आठवड्यांनी, एका वेळी सुमारे चार तास बसून निरीक्षण केले आणि त्याला जोड म्हणून 'अपरिचित परिस्थिती' ही वीसेक मिनिटांची चाचणी रचली. साधारण १२ ते १८ महिन्यांचे मूल आईबरोबर खेळण्यांच्या अनोळखी खोलीत येते, मग एक परकी बाई येते, आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. असे एकूण आठ टप्पे असतात आणि पहिला सोडला तर प्रत्येक टप्पा जास्तीत जास्त तीन मिनिटांचा. "लेकराला मुद्दाम रडवता?" असे आई म्हणेल, हे मला ठाऊक आहे. मूल फार रडू लागले तर तो टप्पा तिथेच थांबवून आईला आत पाठवतात. हा नियम मी विद्यार्थ्यांना गुणांकनाच्याही आधी शिकवते.

नव्या विद्यार्थ्यांची नजर हटकून रडण्यावर खिळते. जे मूल जास्त रडले त्याला आईचा लळा जास्त, असा त्यांचा हिशेब असतो. खरे उत्तर आई परत येते त्या क्षणात असते. मी दाखवते त्या एका चित्रफितीत मुलगा आई गेल्यावर दाराशी जाऊन हुंदके देतो, ती आत येताच दोन्ही हात वर करतो, तिच्या खांद्यावर डोके टेकवतो आणि मिनिटभरात मान वळवून खाली पडलेल्या चेंडूकडे पाहू लागतो. दुसरीतली मुलगी रडतच नाही. आई दारात दिसते तेव्हा ती एकदाच वर बघते, लगेच नजर हातातल्या ठोकळ्याकडे वळवते आणि तोच ठोकळा पुन:पुन्हा उलटसुलट करीत राहते. आईने उचलून घेतले तर अंग सैल सोडून खेळण्याकडे बोट दाखवते. वर्गातून हमखास आवाज येतो, "किती शहाणं बाळ!" अशा वरकरणी शांत मुलांच्या हृदयाचे ठोके संशोधकांनी मोजले तेव्हा ते वाढलेले आढळले, हे सांगितले की वर्ग गप्प होतो. ते मूल शांत नसते. त्रास झाल्याचे आईला दिसू द्यायचे नाही, एवढे ते शिकलेले असते.

पुढचे शिक्षण कंटाळवाणे आहे आणि कंटाळवाणेच असले पाहिजे. जवळ येण्याची धडपड, मिळालेली जवळीक टिकवणे, टाळणे आणि झिडकारणे अशा चार गोष्टींना प्रत्येक पुनर्भेटीत १ ते ७ यांपैकी अंक द्यायचा, आणि त्यावरून मूल सुरक्षित (चित्रफितीतल्या त्या मुलासारखे), टाळणारे (त्या मुलीसारखे) की द्विधा (जवळही येणारे आणि झिडकारणारेही) गटातले हे ठरवायचे. मूल मध्येच थिजते किंवा तोंड फिरवून आईकडे सरकते, अशा विसंगत वागण्यासाठी मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी १९८० च्या दशकात चौथा गट सुचवला; तो ओळखणे सर्वांत कठीण. विद्यार्थ्यांनी एकमेकांशी न बोलता अंक द्यायचे असतात, आणि अनुभवी निरीक्षकांच्या निर्णयांशी सुमारे ८० टक्के मेळ बसल्याशिवाय त्यांच्या हाती संशोधनाचे काम दिले जात नाही. बाबा, तुम्हाला हिशेबातली मेख आवडते म्हणून सांगते: सर्वसाधारण कुटुंबांत निम्म्याहून अधिक मुले सुरक्षित गटात येतात, त्यामुळे डोळे मिटून सगळीकडे 'सुरक्षित' लिहिणाऱ्याचीही निम्म्याहून अधिक उत्तरे बरोबर येतील. म्हणून केवळ टक्केवारीवर न थांबता, निव्वळ योगायोगाने जुळलेली उत्तरे वजा करणारा निर्देशांकही काढावा लागतो.

अंकांपेक्षा मला जास्त झगडावे लागते ते शेऱ्यांशी. "आई थंड आहे", "आईचं लक्षच नाही" असे विद्यार्थी वहीत लिहितात आणि मी ते खोडून "काय दिसलं ते लिहा" असे सांगते. "मुलाने हात पुढे केला, आई फोनकडे पाहत होती, चार सेकंदांनी तिने मान वर केली" हे निरीक्षण झाले. "लक्ष नाही" हा निकाल झाला. ज्या विद्यार्थिनी स्वत: आया आहेत त्यांना हे आणखी जड जाते. पडद्यावरच्या बाईत त्या स्वत:ला पाहतात, मग एकतर तिची बाजू घेतात किंवा तिच्यावर अकारण कडक होतात. म्हणूनच केवळ खोलीतल्या चित्रफितींवर माझे समाधान होत नाही. घरी जाऊन, दोन-तीन तास बसून, मूल आणि आई आपापल्या नित्याच्या कामांत असताना पाहायचे आणि नंतर मुलाच्या वागण्याविषयीच्या ९० विधानांची, ती त्याला किती लागू पडतात यानुसार, पत्ते लावल्यासारखी विभागणी करायची, अशी दुसरी पद्धत एव्हरेट वॉटर्स यांनी तयार केली आहे. तिला वेळ फार लागतो, पण माझ्या मते निरीक्षक तिथेच तयार होतो.

आणि मर्यादाही आहेत. मूल रोज कोणाच्या कडेवर असते, त्याला एकटे राहायची सवय आहे का, यावरही त्या खोलीतले रडणे अवलंबून असते. जपानमधील मुले एकटी ठेवल्यावर अतिशय अस्वस्थ होत, म्हणून तिथल्या निकालांचा अर्थ जपून लावावा लागला. १९८८ मध्ये आठ देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या अभ्यासांमधला फरक मोठा निघाला. हे गट संशोधनासाठी आहेत. एखाद्या मुलाचा ताबा कोणाकडे द्यायचा, हे वीस मिनिटांच्या चाचणीवरून कोणी ठरवू लागले तर माझ्या विद्यार्थ्यांनी तिथे स्पष्ट नकार द्यावा, असे मी त्यांना बजावते. बाबा, तुम्हाला वगळले आहे असेही समजू नका. हीच चाचणी वडिलांबरोबरही घेतात, आणि एकाच मुलाचा निकाल आईबरोबर एक व वडिलांबरोबर दुसरा येऊ शकतो.

राहिला आईचा शेवटचा प्रश्न, की मी स्वत: कोणत्या गटात होते. ते आता कळायचे नाही, कारण ती चाचणी बोलू लागण्याच्या वयातल्या मुलांची आहे. मोठ्या माणसांसाठी एक प्रदीर्घ मुलाखत असते, परंतु तिच्यात बालपण सुखाचे होते की नाही याला महत्त्व नसून, ते माणूस आज किती सुसंगतपणे आणि मोकळेपणाने सांगतो, याला आहे. तेव्हा आई, त्या गुणांची जबाबदारी तुझ्यावर नाही, माझ्यावर आहे.

तुमची,
लेक