तुझ्या वल्ह्याला झेपेल असा तलाव

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. नव्या जागी सामान अजून लागलंही नाही आणि तू कयाकमधून, म्हणजे आपल्या त्या वल्ह्याच्या अरुंद होडीतून, बास मासे धरायला तलावांचे नकाशे काढून बसलास, हे वाचून फार बरं वाटलं. आसपासच्या सगळ्यांत नावाजलेल्या तलावावर आधी जाऊ का, असं तू विचारलंस. माझं उत्तर सरळ आहे: इतक्यात नको.

त्या तलावाचं नाव ज्यांनी मोठं केलं, त्यांच्याकडे ताशी शंभर किलोमीटरने पळणाऱ्या मोटरबोटी आहेत. एका टोकाला मासे लागले नाहीत, तर वीस मिनिटांत ते दुसऱ्या टोकाला पोचतात. तू सामानाने भरलेली कयाक घेऊन शांत पाण्यात ताशी चार-पाच किलोमीटर जाशील, समोरून वारा आला की त्याच्या निम्मं. गळ टाकत टाकत गेलास तर अर्ध्या दिवसात तुझ्या वाट्याला किनाऱ्याचे तीन-चार किलोमीटर येणार. तेवढ्यात जे काही असेल तोच तुझा तलाव. बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा, पण ‘मोठे बास कुठे आहेत’ हा प्रश्न दुसरा ठेव. पहिला प्रश्न हा, की जिथे कयाक उतरवशील तिथून तीन किलोमीटरच्या आत बासला लागणारं सगळं आहे का, आणि वारा सुटला तर तिथून तुला स्वतःच्या हातांनी परत येता येईल का.

लहान पाण्यात मोठा मासा नसतो असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नकोस. 1932 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरीने 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त वजनाचा लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाच्या जातीचा बास पकडला. तो मिळाला ओकमल्गी नदीच्या जुन्या, तुटून मागे राहिलेल्या वळणात साठलेल्या पाण्यात, माँटगोमेरी लेकमध्ये, एका साध्या लाकडी होडीतून. 2009 मध्ये मानाबू कुरिताने जपानच्या बिवा सरोवरात त्याच्याहून जेमतेम एक औंस जास्त वजनाचा बास काढला. जुना विक्रम मोडायला दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून आज तो विक्रम दोघांच्या नावावर आहे. बिवा हे जपानमधलं सगळ्यांत मोठं सरोवर, साधारण 670 चौरस किलोमीटरचं. एक मासा नदीच्या टाकून दिलेल्या वळणात वाढला, दुसरा एवढ्या अफाट पाण्यात. तलावाच्या आकारावरून माशाचा आकार सांगता येत नाही. तुझ्या परतीच्या वाटेचं मात्र बरंच काही सांगता येतं.

आता वाऱ्याचं. लाट किती उठणार हे वारा किती जोरात आहे, किती वेळ वाहतोय आणि मोकळ्या पाण्यावरून किती लांबून येतोय या तिन्हींवर ठरतं. पहिल्या दोन गोष्टी तुझ्या हातात नाहीत. तिसरी मात्र तू घरी बसून निवडू शकतोस. नकाशावर तलावाची सगळ्यांत लांब मोकळी रेघ मोज आणि त्या मोसमात तिथे वारा बहुधा कुठून वाहतो ते बघ. दोन्ही दिशा जुळत असतील तर तो तलाव शांत दिवसासाठी राखून ठेव. नागमोडी, अरुंद, दोन्ही बाजूंना टेकड्या किंवा दाट झाडी असलेला तलाव दिसला तर त्याच्यावर खूण कर. नदीच्या खोऱ्यात बांधलेल्या धरणाच्या साठलेल्या पाण्यात असे फाटे, म्हणजे बाजूला घुसलेले अरुंद भाग, पुष्कळ असतात. एका फाट्यात वारा सरळ घुसत असला, तरी शेजारचा बहुतेक वेळा निवांत असतो.

सकाळी पाणी आरशासारखं असलं म्हणून दुपारीही ते तसंच राहील असं धरून चालू नकोस. ऊन चढलं की वरची वेगवान हवा खाली मिसळायला लागते आणि वारा वाढतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना तो पाठीशी राहील. मोकळ्या पाण्यावर पांढरे तुरे फुटायला लागले म्हणजे वारा ताशी बारा ते एकोणीस किलोमीटरच्या घरात आला असं समज, आणि गळाला मासा लागत असला तरी आडोशाला ये. यात मला वाद नको आहे.

उतरायची जागा ही तलाव निवडतानाच बघायची गोष्ट आहे, आणि लोक ती शेवटी बघतात. मासेमारीची कयाक सामान धरून चाळीस-पन्नास किलोंच्या घरात जाते. गाडीपासून पाण्यापर्यंत किती अंतर, उतार किती, वाट दगडांची की वाळूची, हे सॅटेलाइट नकाशावर बऱ्यापैकी दिसतं. एकाच जागेची वेगवेगळ्या तारखांची चित्रं उघड. धरणातलं पाणी उन्हाळ्यात वापरासाठी किंवा पुराआधी जागा करायला सोडतात, आणि जिथे एका चित्रात रॅम्पला, म्हणजे होडी उतरवायच्या बांधलेल्या उताराला, पाणी टेकलेलं दिसतं तिथेच दुसऱ्या चित्रात शंभर पावलांचा चिखल असतो. त्या चिखलातून कयाक ओढत नेण्यात तुझी अर्धी ताकद जाईल. कोरडं चित्र दुसऱ्या कारणानेही जपून ठेव. पाणी ओसरलेल्या तळावर जुन्या ओढ्याची घळ, बुडालेल्या रस्त्याचा बांध, झाडांचे बुंधे उघडे दिसतात. पाणी परत भरलं की मासे त्यांनाच धरून राहतात.

बासला तीन गोष्टी लागतात: दडायला जागा, जवळच खोल पाणी आणि श्वासापुरता प्राणवायू. लार्जमाउथला पाणवनस्पती, लव्हाळी, पडलेली झाडं, लाकडी धक्क्यांची सावली आवडते. स्मॉलमाउथ ही बासची दुसरी जात थोड्या गार, स्वच्छ पाण्यातल्या दगडगोट्यांवर सापडते. आडोसा असलेला उथळ किनारा आणि त्याला लागूनच उतरत जाणारा तळ, ही जोडी खोलीच्या नकाशात शोध. समान खोलीच्या रेषा जिथे एकमेकींच्या जवळ येतात तिथे तळ झपकन उतरतो. अशी जागा किनाऱ्याच्या टोकाला, गवताच्या कडेला असेल तर तिच्यासाठी मी दोन तास देईन.

खोलीच्या आकड्यावर मात्र भाळू नकोस. उन्हाळ्यात वरचं कोमट पाणी हलकं होऊन खालच्या गार पाण्यावर तरंगत राहतं आणि दोन्ही थर मिसळत नाहीत. शेतांची आणि वस्तीची खतं ज्यात उतरतात अशा तलावात तळाशी कुजणारं शेवाळ खालच्या थरातला प्राणवायू संपवून टाकतं. नकाशावरचा पंधरा मीटरचा डोह तेव्हा माशांना निरुपयोगी असतो. बास वरच्या थरातच राहतो.

पाणी किती स्वच्छ आहे हेही आधी कळू शकतं. 1865 मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती कुठवर दिसते ते मोजलं. तीच सेक्की तबकडी आजही तलावांवर वापरतात, आणि अनेक तलावांच्या नोंदी पाहायला मिळतात. तबकडी अर्ध्या मीटरवरच दिसेनाशी होत असेल तर पाणी गढूळ आहे. मासा किनाऱ्याजवळ उथळात असेल, तुला जवळ जाता येईल, आणि खडखडणारं, थरथरणारं आमिष चालेल. चार-पाच मीटर दिसत असेल तर बास तुला आधी बघेल. तिथे लांबून, बारीक दोरीने टाकावं लागतं. नवख्या जागी दीड-दोन मीटरचं पाणी मला सगळ्यांत सोयीचं वाटतं. उजेड जिथवर पोचतो तिथवरच गवत उगवतं, त्यामुळे गवताची बाहेरची कड कुठे असेल याचाही अंदाज त्या आकड्यावरून येतो.

मत्स्य विभागाचे पाहणी अहवाल मिळाले तर नक्की वाच. बहुधा वसंतात बोटीवरून पाण्यात विजेचा सौम्य प्रवाह सोडतात, गुंगलेले मासे जाळीने उचलून मोजतात आणि परत सोडतात. अहवालात तासाला किती बास मिळाले हे असतं, आणि पीएसडी नावाचा एक आकडा असतो. वीस सेंटिमीटर आणि त्याहून मोठे जितके बास मिळाले, त्यांत तीस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे शेकडा किती, हे तो सांगतो. चाळीस ते सत्तरच्या मधला आकडा समतोल तलावाचा मानतात. तासाचा आकडा मोठा आणि पीएसडी कमी असेल तर लहान बासची गर्दी झाली आहे, खाणं पुरत नाही आणि वाढ खुंटली आहे. मोठ्या माशामागे असलेला माणूस असा तलाव सोडून देईल. तू मात्र पहिल्या मोसमात तिथे जाच. गळाला वरचेवर मासा लागला की कुठलं गवत, किती खोली, कुठला रंग हे लवकर कळतं, आणि ते ज्ञान त्या भागातल्या दुसऱ्या तलावांवरही उपयोगी पडतं.

मोसमाचाही विचार कर. पाणी सोळा ते वीस अंशांच्या आसपास आलं की लार्जमाउथ उथळात घरटी करतो आणि नर त्यांची राखण करतात. तू आहेस त्या उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या, उत्तरेचा वारा न लागणाऱ्या किनाऱ्याच्या आत वळलेल्या जागा सगळ्यांत आधी तापतात. म्हणून वसंतात तलावाच्या उत्तर बाजूला उतरायची सोय असेल तर तोच तलाव निवड. पण त्याच दिवसांत हवा उबदार आणि पाणी जीवघेणं गार असतं. फार गार पाण्यात पडलास तर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात आणावा लागतो. त्यानंतर दहाएक मिनिटंच हातपाय कामाचे राहतात. त्या दहा मिनिटांत कयाकवर परत चढता आलं पाहिजे किंवा किनारा गाठता आला पाहिजे. थंडीच्या महिन्यांत मी अरुंद तलावच निवडते, याचं कारण एवढंच आहे. कपडे पाण्याच्या तापमानाला धरून घाल, हवेच्या नव्हे. लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटमागे बांधलेलं नको.

परवाना, किती आणि किती लांबीचे मासे ठेवता येतात, मोटरबोटींना काय मुभा आहे, हे प्रत्येक तलावाचं वेगळं असतं. जिथे फक्त बॅटरीवरची मोटर चालते असे तलाव आधी घे. धरणाची भिंत आणि सांडवा यांच्या जवळपासही जाऊ नकोस. उन्हाळ्याच्या शेवटी पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा ओतल्यासारखा तवंग दिसला तर कयाक गाडीवरून काढूच नकोस. ते विषारी असू शकतं. एका तलावातून दुसऱ्यात जाताना कयाक धुऊन, पाणी काढून, पूर्ण वाळवून ने. झेब्रा शिंपले 1988 मध्ये अमेरिकेच्या ग्रेट लेक्सकडे सापडले आणि तिथून बोटींना चिकटून कुठल्या कुठे पसरले.

पहिल्या दिवशी गळ नेऊ नकोस असं सांगितलं तर तू ऐकणार नाहीस, पण निदान कयाक उतरवायच्या आधी अर्धा तास किनाऱ्याने चाल. पाण्याच्या कडेला गुडघे टेकून दोन-चार दगड उलट. खाली नांगी उगारून मागे सरकणारा क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला कोळंबीसारखा जीव, दिसला तर बासचं आवडतं खाणं तिथे आहे. त्याचा रंग नीट बघून ठेव, तपकिरी आहे की हिरवट, नांगीच्या टोकाला केशरी झाक आहे का. डब्यातलं रबरी आमिष त्याच्या जवळपासच्या रंगाचं काढ. झाडांच्या बुंध्यांवर चिखलाची रेघ कुठवर आहे तेही बघ. पाणी चढतंय की उतरतंय ते कळेल.

तू पाठवलेल्या तीन नावांपैकी मला मधलं पटलं, दोन फाट्यांचं धरण. पूर्वेकडच्या फाट्यात रॅम्पपासून दोन किलोमीटरच्या आत बुडालेली झाडं, ओढ्याची घळ आणि गवताची कड हे तिन्ही दिसतंय, आणि पश्चिमेचा वारा टेकडीमुळे अडतो. फक्त सध्याची पाण्याची पातळी आणि तो रॅम्प उघडा आहे का, एवढं तिथल्या कार्यालयात फोन करून विचार. तिसरा तलावही वाईट नाही, पण त्याची लांब रेघ बरोबर वाऱ्याच्या दिशेत येते. तो शरदातल्या एखाद्या निवांत सकाळसाठी ठेव. नावाजलेला तलाव पुढच्या वर्षी, आणि तोही कुणाच्या तरी सोबतीने.

जायच्या आदल्या रात्री कुठून उतरणार, कुठल्या फाट्यात जाणार आणि किती वाजेपर्यंत बाहेर येणार हे मला लिहून पाठव. बाहेर आलास की लगेच दुसरा मेसेज कर, मासे लागले की नाही ते नंतर सवडीने सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
आई