पाठांतराचे दहा गुण

कुडाळ, रविवार रात्र

प्रिय बाब्या,

गणपतीत आलास तेव्हा 'सविस्तर लिहितो' म्हणालो होतो आणि आता शिमगा तोंडावर आला. रागावला असशील तर तुझा हक्कच आहे. मधे तीन-चारदा फोनवर बोललो, पण तू लोकलच्या गर्दीत आणि मी शाळेच्या व्हरांड्यात. तसल्या बोलण्यात ही गोष्ट मावणारी नव्हती. घरी सगळं ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर गोळीवर आहे.

आपल्या दशावतार स्पर्धेचा निकाल लागला. सात रात्री, सात नाटक कंपन्या. तुझे आबा पखवाज वाजवतात ती कंपनी तिसरी आली. हे तुला घरून कळलंच असेल. पण ती तिसरी का आली हे आबांनी तुला सांगितलेलं नसणार, कारण त्यांनाही ते अर्धंच ठाऊक आहे. पूर्ण मला ठाऊक आहे. गुणांची बेरीज मीच करतो ना.

परीक्षक तिघे होते. त्यांचा परिचय नेहमीप्रमाणे मीच लिहिला, उद्घाटनाला मीच वाचला. एक कॉलेजातून निवृत्त झालेले मराठीचे प्राध्यापक, आधुनिक नाटकावर पीएचडी. दुसरा मालिकांत दिसणारा तरुण नट, विद्यापीठातून नाट्यशास्त्र शिकलेला. तिसरे संगीत विशारद, नाट्यसंगीत शिकवतात. प्रत्येकाला बारा-पंधरा ओळी. पदव्या, पुरस्कार, कुठल्या कुठल्या स्पर्धांना परीक्षक होते ते. टाळ्या पडल्या. त्या सगळ्या ओळींत एक गोष्ट नव्हती आणि ती विचारायची मला सुचली नाही : यांच्यापैकी कोणी कधी जत्रेत रात्रभर बसलाय का? सुरुवातीच्या आडदशावतारातला संकासुर येण्यापासून सकाळी शेवटचा दहीकाला होईपर्यंत?

पहिल्या रात्री चहाला प्राध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मूळ संहिता वाचायला मिळतील का? आधी वाचलेल्या बऱ्या." बाब्या, त्याच क्षणी माझ्या पोटात गोळा आला. दशावताराला संहिता नसते, रंगपटात तोंडाला रंग लावता लावता जुना माणूस कथानक सांगतो, कुणाच्या मागून कुणी यायचं ते ठरतं आणि बाकीचं रंगमंचावर ज्याचं त्याला सुचतं, हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. माणूसही चांगला, समजून घेणारा. रोज टॉर्चच्या उजेडात वहीभर टिपणं काढायचा. आणि मी काय म्हणालो? "बघतो सर."

आणि गुणपत्रिका! ती आपल्या एकांकिका स्पर्धेचीच. तूच तेव्हा सायक्लोस्टाइल करून आणली होतीस, आठवतं? वरचं नाव तेवढं बदलून तीच चालत आली. लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना... आणि पाठांतर, गुण दहा. एका बाकड्यावर सिंहासन, पलंग आणि डोंगर करणाऱ्या लोकांना आपण नेपथ्याचे गुण देत होतो.

आता पाचव्या रात्रीचं सांगतो. आबांच्या कंपनीचं हरिश्चंद्राचं आख्यान. स्वप्नात राज्य दान केलंय, राजा दरबारात येऊन बसलाय. एवढ्यात एक कुत्रा सरळ रंगमंचावर चढला आणि बाकड्यासमोर बसला. लोक हसायला लागले. पोरं उठून उभी राहिली. राजाने नजरही हलवली नाही. म्हणाला, "प्रधानजी, या राज्यात मुक्या जिवालाही दरबाराचं दार उघडं आहे. त्याची फिर्याद काय ती विचारा." प्रधान वाकला, कुत्र्याच्या तोंडाशी कान नेला आणि म्हणाला, "महाराज, तो म्हणतो, स्वप्नातला शब्द पाळू नका, स्मशानाची वाट धराल." मैदान एकदम गप्प. आणि राजा त्या कुत्र्याकडे बघत म्हणाला, "त्याला सांगा, तू भाकरीला जागतोस, मी शब्दाला जागतो." त्यावर आबांची पखवाजावर थाप पडली. अशी पडली की माझ्या हातातला कप हिंदकळला. शेजारच्या काकी डोळे पुसत होत्या. इतक्या वर्षांत हरिश्चंद्र मी वीसेक वेळा पाहिला असेन, पण पुढे स्मशानात काय होणार त्याची भीती अशी आधीच दरबारात येऊन बसलेली कधी पाहिली नव्हती.

मध्यरात्री ऑफिसात गुणपत्रिका उघडल्या. नटाचा शेरा : "अनावश्यक विषयांतर. शिस्तीचा अभाव." प्राध्यापकांचा : "संवाद पाठ नाहीत, पात्रे आयत्या वेळी बोलतात." पाठांतर : तीन, चार, आठ. आठ संगीतवाल्यांचे. पहिल्या आलेल्या कंपनीने ट्रिकसीनचं नाटक केलं, धूर, उडता गरुड, सगळं घोटून बसवलेलं. वाईट नव्हतं हां, पोरांनी मेहनत घेतली होती. त्यांना पाठांतराला तिघांचेही नऊ-नऊ. सत्तावीस विरुद्ध पंधरा. आबांची कंपनी पहिल्यापेक्षा एकूण नऊ गुणांनी मागे होती. तूच बेरीज कर.

गुणपत्रिका बाहेर सांगायच्या नसतात हे मला कळतं. तुला सांगतोय.

पण खरं दुखणं याच्याही आधीचं आहे. दिवाळीनंतरच्या बैठकीत परीक्षक म्हणून आबांचं नाव मीच सुचवलं होतं. एकाने विचारलं, "परिचयात काय वाचणार? सातवी पास?" दुसरा म्हणाला, "पुरस्कार कुठला?" कोणी वाईट बुद्धीने बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. मी कागद पुढे ओढला, वर आबांचं नाव लिहिलं आणि खाली काय लिहावं ते सुचेना. पन्नास वर्षं पखवाज, एवढी एकच ओळ झाली. मग कुणीतरी म्हणालं, "पुढच्या वर्षी बघू." आणि मी कागद घडी करून खिशात टाकला. भांडलो नाही. तुझ्या बापासाठी मी भांडलो नाही, बाब्या. हे लिहायलाच मला इतके दिवस लागले.

आता तुला रत्नागिरी आठवणार, मला ठाऊक आहे. आपली एकांकिका पडली तेव्हा तू परीक्षकांच्या खोलीच्या दारात जाऊन ओरडलास, "ज्यानं तोंडाक रंग लावूक नाय तो गुण काय देतलो?" मी तुला ओढत बाहेर आणला आणि एसटी स्टँडवर सुनावलं की गुण द्यायला रंग लागत नाही, डोळे लागतात. दोन महिने आपण बोललो नाही. (आणि तू माझी सायकल घेऊन गेलास ती तोपर्यंत परत दिली नाहीस.) परवा रात्रभर तेच भांडण डोक्यात चाललं होतं. मला अजूनही वाटतं की डोळेच लागतात. पण डोळ्यांना आधी जागरणाची सवय लागते, आणि ती कुठल्या पदवीत मिळत नाही.

दुसरी बाजूही आहे, ती विसरत नाही मी. आबांना बसवलं तर त्यांच्याच कंपनीला ते गुण कसे देणार? तीन कंपन्यांत वाजवलंय त्यांनी, चौथीत त्यांचा भाचा स्त्रीपार्ट करतो. मागे एका वर्षी एक परीक्षक मुख्य नटाचा मामेभाऊ निघाला, तेव्हा मैदानात खुर्च्या उडाल्या होत्या. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालू आहे, तिथेही परीक्षक केंद्राबाहेरचे आणतात ते काही उगाच नाही. आणि बाहेरच्यांनी कठोर व्हावं यालाही माझी हरकत नाही. 2022 ला पुण्यात कॉलेजांच्या एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक परीक्षकांनी कोणालाच दिला नाही, केवढा गदारोळ झाला, तेव्हा मी परीक्षकांच्या बाजूने बोललो होतो. नाही पटलं तर नाही म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे. पण काय बघायचं ते ठाऊक असलेल्या माणसानेच नाही म्हणावं.

म्हणून मी ठरवलंय. तिघांतला एक या मातीतला, त्या वर्षी ज्याची कंपनी स्पर्धेत नाही असा. आणि परिचयात पदवीबरोबर हेही वाचायचं : कुठल्या कंपनीत होता, कोण नात्यातला आहे, जत्रेच्या किती रात्री जागलाय. लोकांसमोर मोठ्याने. मग कुणाला बोट दाखवायला जागा उरणार नाही.

पुरस्काराचंच म्हणशील तर पिंगुळीचे परशुराम गंगावणे बघ. गोठ्यात त्यांनी चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. 2021 ला पद्मश्री मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा परिचय लिहायला बसलो असतो तर तोही मला दोन ओळींचाच वाटला असता का? दशावतारातल्या सुधीर कलिंगणांना लोक 'लोकराजा' म्हणायचे. ती पदवी कुठल्या विद्यापीठाने दिली नव्हती, रात्रभर थंडीत बसलेल्या लोकांनी दिली होती.

निकालानंतर आबा भेटले. पखवाज खोळीत घालत होते. मी पाठांतराचं तेवढं सांगितलं, आकडे नाही सांगितले. हसले आणि म्हणाले, "मास्तर, पाठ करून बोलूचा असता, तर रातभर जागूचा कित्याक?" मग पखवाज खांद्याला लावून निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांना काजू राखायला जायचं होतं. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा म्हणतात ते काही खोटं नाही.

तू कसा आहेस? ताईची बारावी जवळ आली, तिला सांग शांतपणे दे. वहिनींच्या बदलीचं झालं का? डोंबिवलीच्या घराच्या गळतीवर पावसाआधी काहीतरी कर, गेल्या वर्षीसारखं नको.

आणि माझं एक काम कर. आबांचा परिचय तू लिही. ते स्वतः सांगणार नाहीत, मी विचारलं तर 'काय लिवतंस' म्हणून उठून जातात. पखवाज कोणाकडे शिकले, पहिली नाईट कुठल्या जत्रेत, किती रुपये मिळाले, तुझा जन्म झाला त्या रात्री ते कुठे वाजवत होते ते. तुझ्या आईला सगळं तोंडपाठ आहे, फोन करून तिला विचार. पंधरा ओळी व्हायला हव्यात, जास्त झाल्या तरी चालतील. गणपतीच्या आधी बैठक आहे, त्याच्या आत पाठव. तो घडी केलेला कागद अजून माझ्याकडे आहे, त्याच्यावरच उतरवून घेईन.

तुझा,
मास्तर